द्राक्षाचा माग

निफाड तालुक्यातल्या बागेतून फेब्रुवारीत निघालेली द्राक्षाची पेटी महिन्याभरानं नेदरलँड्समधल्या एखाद्या गोदामात उघडली जाते. ती कोणत्या पॅकहाऊसमध्ये भरली, कोणत्या गावच्या कोणत्या प्लॉटचा माल आहे, त्या प्लॉटचा नमुना कोणत्या प्रयोगशाळेत तपासला, हे सगळं पेटीवरच्या आकड्यांवरून काढता येतं. शेतमालाच्या निर्यातीचं काम पाहणाऱ्या अपेडा या सरकारी संस्थेनं 2006 मध्ये 'ग्रेपनेट' ही संगणकीय नोंदव्यवस्था सुरू केली तेव्हापासून ही सोय आहे. त्यानंतर बंदरावर कंटेनरना आरएफआयडी टॅग आले, कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं यंत्र आलं, पनेटवर, म्हणजे दुकानात विकल्या जाणाऱ्या छोट्या डब्यावर, कोड आले. मालाच्या प्रवासाचा इतका बारीक हिशेब आपल्या शेतमालात क्वचितच दुसऱ्या पिकाचा ठेवला जात असेल.

यातून बागायतदाराच्या हाती काय आलं, हा प्रश्न मी एका मामा-भाचीपुढे ठेवला. मामा निफाडकडचे जुने बागायतदार. भाची पुण्यात मालवाहतुकीचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या कंपनीत काम करते, आणि लहानपणी सुट्टीत याच बागेत क्रेटमध्ये टाकायच्या चिठ्ठ्या लिहायला बसायची. दोघांनी मोकळेपणानं बोलावं म्हणून नावं द्यायची नाहीत असं आधीच ठरलं होतं. बोलणं गोडीनं सुरू झालं, पण गोडीनं चाललं असं म्हणता येणार नाही.

भाची : मामा, तुम्ही 2003 साल विसरता. नेदरलँड्समध्ये आपल्या द्राक्षात कीटकनाशकाचे अंश सापडले आणि युरोपभर इशारा गेला. तेव्हा भारताचा माल म्हणजे सरसकट एकच माल. कुणाच्या बागेतलं द्राक्ष ते, हे सांगायला कुणाकडे काही साधनच नव्हतं.

मामा : विसरेन कसा? ज्यानं फवारलं तोही त्यात गेला आणि ज्यानं नियम पाळला तोही गेला.

भाची : मग ग्रेपनेटनं नेमकं तेच थांबवलं ना? आज प्लॉटची नोंदणी होते, प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो, निकाल थेट सिस्टीमवर चढतो. एखादा प्लॉट नापास झाला तर तेवढा बाजूला होतो आणि शेजारच्या बांधावरचा माल जातो. जो नीट काम करतो त्याला याच्याइतकं संरक्षण दुसरं कोण देणार?

मामा : हे मी कधी नाकारलं? शंभराच्या वर औषधांची यादी आहे, सगळ्यांची तपासणी होते, चांगलं आहे. पण तू 2003 सांगितलंस, मी 2010 सांगतो.

2010 ची गोष्ट नाशिककडे अजून दबक्या आवाजात निघते. खरड छाटणीनंतर वेलीची वाढ आवरून काडीत घड धरावा म्हणून बागायतदार क्लोरमेक्वाट क्लोराइड, म्हणजे त्यांच्या बोलीत 'सीसीसी', वापरत आले होते. ते कीटकनाशक नव्हे, वाढनियंत्रक. आपल्याकडच्या तपासणीच्या यादीत ते नव्हतंच. युरोपात तेव्हा त्याची मर्यादा किलोमागे 0.05 मिलिग्रॅम. निर्यातीच्या एका कंटेनरमध्ये साधारण 13 टन द्राक्ष असतं. म्हणजे अख्ख्या कंटेनरमध्ये मिळून पाऊण ग्रॅमही भरणार नाही एवढी ही मर्यादा होती. जर्मनीत ते सापडलं, कंटेनर अडकले, निर्यातदारांनी हात वर केले आणि कित्येक बागायतदारांचे पैसे बुडाले.

मामा : माझा प्लॉट संगणकावर पास होता. सगळे कागद स्वच्छ. प्रयोगशाळेचा अहवाल माझ्याकडे अजून आहे. आणि माल तिकडे नापास. मग त्या नोंदीचा मला उपयोग काय झाला?

भाची : सिस्टीममध्ये यादी माणसं भरतात, मामा. यादीत एक नाव नव्हतं, ती चूक माणसांची. पुढच्या हंगामापासून ते यादीत आलं की नाही?

मामा : आलं. पण ज्या वर्षी नव्हतं त्या वर्षीची झळ कुणी सोसली? यादी करणाऱ्यानं? बंदरावरच्या माणसानं? तिकडच्या आयातदारानं? साखळी म्हणता ना तुम्ही, मग त्या साखळीतली एकच कडी दरवेळी का तुटते?

भाची : तुटली कडी कोणती हे तरी कळलं. 2003 ला तेही कळलं नसतं.

इथे मला भाचीच्या बाजूनं एक गोष्ट सांगायला हवी, कारण ती स्वतः ती सांगायला कचरली. त्या धक्क्यानंतर यादी सुधारली ती आधीचा सांगाडा तयार होता म्हणून. पुण्याजवळ मांजरीला राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रात रेसिड्यूच्या, म्हणजे औषधांच्या अंशांच्या, तपासणीसाठी राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा आहे. यादीत काय घालायचं, कोणत्या औषधाची फवारणी काढणीआधी किती दिवस थांबवायची, याची सूत्रं तिथून हलतात. एका ठिकाणी दुरुस्ती केली की ती सगळ्या प्रयोगशाळांना, सगळ्या पॅकहाऊसना एकदम लागू होते. हे कागदाच्या फायलींवर एका हंगामात झालं नसतं.

पण मामांच्या प्रश्नाला ते उत्तर नाही, आणि मामांनी तो सोडलाही नाही.

मामा : एक सांग, तुझा संगणक द्राक्ष कधी बघतो का?

भाची : म्हणजे?

मामा : खुडा कसा चालतो ते तुला ठाऊक आहे. उन्हं चढायच्या आत माल तुटला पाहिजे. बाया घड कात्रीनं कापतात, क्रेटमध्ये कागदावर एकेरी मांडतात. मणी बोटानं पुसला गेला की त्यावरची लव जाते, म्हणून देठाला धरून उचलायचा. क्रेट भरला की त्यात चिठ्ठी. प्लॉटचा नंबर, तारीख, वेळ. ती चिठ्ठी तू लिहायचीस, आता मुकादमाचा मुलगा लिहितो. गाडीत एका वेळी दोन प्लॉटचे क्रेट असले आणि एक चिठ्ठी उडाली, तर पॅकहाऊसच्या दारात अंदाजानं दुसरी टाकतात. तिथून पुढं ती चिठ्ठी स्कॅन होते, कोड छापला जातो, रॉटरडॅमपर्यंत जातो. संगणकाला चिठ्ठी दिसते. द्राक्ष दिसत नाही.

भाची थोडा वेळ गप्प होती. मग तिनं जे सांगितलं ते तिच्या धंद्यातल्या लोकांनी उघडपणे बोलायला हवं.

भाची : हे खरं आहे. आमच्याकडे सगळा पैसा, सगळी हुशारी पुढच्या टोकाला लागते. बंदर, जहाज, गोदाम. पहिला मैल अजून वहीवर आणि चिठ्ठीवर चालतो. ब्लॉकचेन ब्लॉकचेन म्हणतात, पण त्यात नोंद एकदा गेली की बदलता येत नाही एवढंच तो सांगतो. गेलेली नोंद खरी होती की नाही हे तो सांगूच शकत नाही. म्हणून तर बागेतच क्यूआर कोडचे पक्के टॅग लावलेले क्रेट आले पाहिजेत, फोनवर लोकेशनसकट स्कॅन झालं पाहिजे. तुम्ही म्हणता ती अडचण तंत्रज्ञान कमी असल्याची आहे, जास्त असल्याची नाही.

मामा : आणि त्या क्रेटचा, त्या फोनचा खर्च?

भाची : तो कुणी करायचा यावर भांडू. पण गरज आहे का नाही यावर आधी एकमत होऊ दे.

मामा : गरज आहे. लिहून घे, मी हो म्हटलं.

मग गाडी परदेशात गेली. भाचीनं वॉलमार्टचं उदाहरण दिलं. त्यांच्या एका चाचणीत दुकानातल्या कापलेल्या आंब्याच्या पाकिटाचा माग शेतापर्यंत काढायला आधी जवळजवळ सात दिवस लागले होते. आयबीएमबरोबर केलेल्या ब्लॉकचेनच्या नोंदीवर तेच काम 2.2 सेकंदात झालं. 2018 मध्ये वॉलमार्टनं पालेभाजी पुरवणाऱ्यांना या व्यवस्थेत यायला सांगितलं. विषबाधेची साथ आली तर संशयित माल तासाभरात दुकानांतून उचलता यावा, हा त्यामागचा हेतू. हेतू चांगलाच आहे, जीव वाचवणारा आहे.

मामा : सात दिवसांचे दोन सेकंद झाले. वाचलेला वेळ कुणाचा?

भाची : दुकानाचा. गिऱ्हाइकाचा. आणि ज्याचा माल चांगला आहे त्या शेतकऱ्याचाही, कारण त्याचा माल फुकट फेकला जात नाही.

मामा : तिसरा तू जरा उशिरा घेतलास.

यावर भाचीनं स्वतःहूनच उलट बाजूचा दाखला दिला, हे मला तिचं मोठेपण वाटलं. मर्स्क ही जहाज कंपनी आणि आयबीएम यांनी 2018 मध्येच 'ट्रेडलेन्स' नावाचं व्यासपीठ काढलं होतं. जगभरच्या कंटेनरची कागदपत्रं एका जागी यावीत, बंदरं, कस्टम्स, जहाज कंपन्या यांनी एकच नोंद वापरावी असं स्वप्न. 2022 च्या नोव्हेंबरात त्यांनी ते बंद करत असल्याचं जाहीर केलं. सगळ्या उद्योगाचं हवं तसं सहकार्य मिळालं नाही, असं कारण त्यांनीच सांगितलं.

भाची : तंत्र उत्तम होतं, मामा. मी ते वापरलेल्या लोकांबरोबर काम केलंय. पण आपली माहिती प्रतिस्पर्ध्यानं उभारलेल्या व्यवस्थेत कोण ओतणार? माहिती कुणाच्या घरात ठेवायची हा प्रश्न न सुटता यंत्र उभं केलं की असं होतं.

मामा : एवढ्या मोठ्या जहाज कंपन्यांना तो प्रश्न पडतो. मला पडला की मी अडाणी.

या वाक्यावर मी अडलो. मामांच्या म्हणण्यात माझ्या मते या सगळ्या विषयाचं मर्म आहे, आणि मला ते गांभीर्यानं मांडायचं आहे. बागायतदाराकडून आज काय काय घेतलं जातं ते पाहा. सातबारा, प्लॉटचं लोकेशन, छाटणीची तारीख, प्रत्येक फवारणीची वही, पाण्याचा तपशील, ग्लोबल गॅपचं प्रमाणपत्र. युरोपातल्या गिऱ्हाइकाला पनेटवरचा तेरा आकडी नंबर टाकून शेताची ओळख पटवता येते. जहाज कंपनी आपल्या मालाच्या माहितीबद्दल जो हट्ट धरते तोच हट्ट बागायतदारानं धरला तर तो नियम मोडणारा ठरतो, कारण माहिती दिल्याशिवाय त्याचा माल जातच नाही. देण्याला माझा विरोध नाही. अन्नाच्या बाबतीत ती दिलीच पाहिजे. पण बदल्यात त्याला काय दिसतं?

याच जागी भाचीनं तांबड्या समुद्राचा विषय काढला. 2023 च्या नोव्हेंबरपासून तिथे येमेनमधल्या हूथी बंडखोरांचे जहाजांवर हल्ले सुरू झाले आणि युरोपला जाणारी बहुतेक कंटेनर जहाजं सुएझ सोडून आफ्रिकेला वळसा घालू लागली. न्हावा शेवा ते रॉटरडॅम हा एरवी तीन आठवड्यांच्या आसपासचा प्रवास, त्यात दहा-बारा दिवसांची भर पडली. द्राक्ष शून्य ते एक अंशाला ठेवलं, पेटीत गंधकाचा कागद घातला, तरी त्याचं आयुष्य मोजकंच असतं.

भाची : अशा वेळी जहाज कुठं आहे, किती दिवस लागणार, हे रोज कळणं म्हणजे पैसा. जाड सालीचा, टणक, देठ हिरवा राहणारा माल युरोपला. बाकीचा आखातात किंवा देशात. 2021 च्या मार्चमध्ये 'एव्हर गिव्हन' जहाज सुएझमध्ये अडकलं तेव्हाही तेच. तो तर ऐन हंगाम. सहा दिवस कालवा बंद. जुन्या काळी हे तुम्हाला पेपरात वाचून कळलं असतं, आणि तुमचा कंटेनर त्या रांगेत आहे का नाही हे तर कळलंच नसतं.

मामा : कळून मी काय करणार? जहाज मागं वळवणार?

भाची : उरलेली बाग थांबवणार! माल झाडावर आठ दिवस ठेवायचा की लोकलच्या व्यापाऱ्याला द्यायचा, हा निर्णय तुमचा असतो ना? अर्धी बाग तोडून झालेली असते, अर्धी उभी असते.

मामांनी हे मान्य केलं. पण मान्य करताना त्यांनी विचारलं, "त्या वर्षी मला हे कुणी कळवलं?" भाचीकडे उत्तर नव्हतं. न्हावा शेवा बंदरावर 2016 पासून कंटेनरना आरएफआयडी टॅग लागतात, कंटेनरचा नंबर टाकला की तो कोणत्या फाटकातून गेला ते संकेतस्थळावर दिसतं. 2017 पासून कस्टम्सनं निर्यातीच्या कंटेनरना इलेक्ट्रॉनिक सील आणलं. माहिती आहे, बरीचशी उघडीही आहे. पण आपल्या बागेतला माल कोणत्या नंबरच्या कंटेनरमध्ये चढला हेच बहुतेक बागायतदारांना सांगितलं जात नाही. किल्ली दिली नाही तर दार उघडं असून काय उपयोग?

संगणकावर इतकं विसंबल्यावर तोच बंद पडला तर, असंही मी मध्ये विचारलं. 27 जून 2017 ला 'नॉटपेट्या' या सायबर हल्ल्यात मर्स्कची जगभरची यंत्रणा कोलमडली होती, न्हावा शेवा बंदरावरचं त्यांच्याच समूहाचं टर्मिनल अडलं होतं. द्राक्षाचा हंगाम तेव्हा संपलेला होता म्हणून आपण सुटलो. यावर दोघांचं फारसं भांडण झालं नाही. भाची म्हणाली, घाना देशातल्या कार्यालयात वीज गेलेली असल्यामुळे तिथला एक सर्व्हर वाचला आणि त्यावरून सगळं जाळं पुन्हा उभं राहिलं. तेव्हापासून प्रत्येक शहाणी कंपनी वेगळी प्रत वेगळ्या जागी ठेवते. मामा म्हणाले, आमची फवारणीची वही त्याचसाठी कपाटात असते. मुद्दा तिथेच मिटला.

खरी ठिणगी पडली ती क्लेमवर.

ज्यांना हा धंदा माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. द्राक्ष तिकडे पोचल्यावर पेट्या उघडून तपासणी होते. मणी गळाले, देठ वाळला, मण्यावर तपकिरी डाग आले, कूज दिसली, तर आयातदार 'क्वालिटी क्लेम' लावतो, म्हणजे ठरलेल्या रकमेतून कपात. निर्यातदार त्यातली जमेल तेवढी कपात खाली ढकलतो. बागायतदाराच्या हाती हंगामानंतर एक आकडा येतो. कधी दोन ओळींचा हिशेब असतो, कधी फोनवर सांगितलं जातं.

मामा : मला एक फोटो आला होता. फोनवर. कुजलेल्या मण्यांचा घड. म्हणे तुमचा माल. कोड दिसत नव्हता, पेटी दिसत नव्हती. सोळा-अठरा मिलिमीटरचा मणी, मी स्वतः साखर मोजून तोडलेला. तो घड माझा होता का नव्हता हे देव जाणे.

भाची : आणि लॉगर?

मामा : काय?

भाची : कंटेनरमध्ये तापमान नोंदवणारं छोटं यंत्र टाकतात. पॅकहाऊसचं दार बंद झाल्यापासून तिकडे उघडेपर्यंत ठरावीक वेळानं तापमान टिपत जातं. बंदरावर वीज जोडायला उशीर झाला, मध्ये जहाज बदलताना प्लग काढला, तर त्या आलेखात चढ दिसतो. तापमान चार-पाच अंशांवर काही तास राहिलं असेल तर ती कूज बागेतली नाही, वाटेतली आहे. मामा, तुमच्या बाजूचा सगळ्यात भक्कम साक्षीदार त्या कंटेनरमध्येच बसलेला असतो.

मामा : तो साक्षीदार मला कधी कुणी दाखवला नाही.

भाची : कारण फाईल आयातदार काढतो, निर्यातदाराला पाठवतो. करारात तुमचं नाव नसतं.

मामा : मग मला सांग, हे यंत्र कुणाचं?

यावर ती जे बोलली ते सावरून बोलली नाही. "आत्ता तरी त्यांचंच आहे," ती म्हणाली, "पण म्हणून यंत्र नको असं तुम्ही म्हणालात तर ते कायमचं त्यांचंच राहील." माझ्या मते त्या संध्याकाळचं सर्वांत नेमकं वाक्य हेच होतं. मामांचा राग योग्य आहे आणि त्या रागाचा निष्कर्ष चुकीचा निघू शकतो, या दोन्ही गोष्टी त्यात आल्या.

ही व्यवस्था जन्मली खरेदीदाराच्या भीतीतून. माल विषारी निघाला तर जबाबदार कोण, हे शोधण्यासाठी. म्हणून तिच्यातला प्रत्येक धागा वरून खाली, शेताकडे, जातो. आणि शेतावरही थांबत नाही. काही पॅकहाऊसमध्ये पेटीवर टेबलाचा नंबर असतो. त्या थंड शेडमध्ये स्वेटर घालून, डोक्याला टोपी आणि तोंडाला मास्क लावून बाया दिवसभर उभ्या असतात. एक घड हातात घेतात, उजेडाकडे धरून फिरवतात, लहानशा कात्रीनं आतला तडकलेला मणी असा काढतात की शेजारच्याला टोक लागत नाही. मग वजनाच्या काट्यावर पाचशे ग्रॅमचं पनेट जुळवतात. पनेटमध्ये एक खराब मणी राहिला तर महिन्याभरानं हजारो किलोमीटरवरून त्याचा माग त्यांच्या टेबलापर्यंत येऊ शकतो. त्यांच्या हातून गेलेल्या लाखो निर्दोष घडांचा माग मात्र कुणी काढत नाही. चांगल्या कामाची नोंद त्याच कोडमधून निघू शकते, त्यावरून मजुरी वाढू शकते. तांत्रिक अडचण त्यात शून्य आहे. तसं कुणी मागितलेलं नाही एवढंच.

भाचीला हे पटलं. पण तिनं मामांना दुसऱ्या बाजूनं गाठलं.

भाची : तुम्ही एवढं सिस्टीमला बोलता, आणि तीन वर्षांपूर्वी अर्धी बाग लोकलच्या व्यापाऱ्याला दिलीत. वजनाच्या चिठ्ठीवर. तो गेला पळून. त्याची नोंद कुठं आहे?

मामा : त्याचं आधार कार्ड होतं माझ्याकडे. पॅन होतं. मोबाईल नंबर होता, पहिला हप्ता ऑनलाइन आला होता. सगळं डिजिटल होतं. माणूस तेवढा नव्हता.

भाची : त्याच व्यापाऱ्यानं आधी कुणाला बुडवलं हे एका ठिकाणी दिसलं असतं तर तुम्ही माल दिला असता?

मामा : नसता दिला.

भाची : मग?

मामा : मग तसं काढा ना काहीतरी! माझ्या प्लॉटची वीस वर्षांची कुंडली सरकारकडे आहे. फार्मर आयडी आहे, ई-पीक पाहणी आहे. व्यापाऱ्याची कुंडली मला बघायला मिळू दे. मी उद्या तुझ्या बाजूनं बोलतो.

इथे दोघं एका जागी आले असं वाचकाला वाटेल, पण तसं नाही. भाचीचा विश्वास असा की नोंद वाढत गेली की प्रामाणिकपणा वाढत जातो. मामांचा अनुभव असा की नोंद ज्याच्या हातात असते त्याच्या सोयीनं ती वाचली जाते. मला मामांचा अनुभव जास्त खरा वाटतो आणि भाचीचा मार्ग जास्त उपयोगी. म्हणून मी दोघांना विचारलं, की कंपनीला बाग देताना करारात काय लिहून घ्याल?

भाचीनं फोनवर मराठीत टाइप करायला घेतलं. आपला माल ज्या कंटेनरमध्ये चढला त्याचा नंबर त्याच दिवशी बागायतदाराला कळवायचा. लॉगरची फाईल आयातदाराकडून निर्यातदाराला येईल त्याच दिवशी बागायतदारालाही. क्लेमचा फोटो असेल तर त्यात पेटीवरचा कोड दिसलाच पाहिजे, नाहीतर तो क्लेम धरायचा नाही. मामांनी दोन गोष्टी घातल्या : तापमान चढल्याचं आलेखात दिसलं तर कपात बागायतदारावर टाकायची नाही, आणि तिकडे माल काय भावानं गेला तो आकडा हिशेबात लिहायचा. शेवटच्या कलमावर भाची अडखळली. कंपन्या भाव सांगणार नाहीत, ते त्यांचं गुपित असतं, असं तिचं म्हणणं. माझ्या फवारणीची वही गुपित नाही तर त्यांचा भाव का असावा, असं मामांचं. ते कलम राहिलं.

मामा : आणि कंपनी नाही म्हणाली तर?

भाची : एकट्याला म्हणेलच. म्हणून तर 1991 ला सहकारी संस्थांनी मिळून महाग्रेप्स काढलं. म्हणून मोहाडीला शेतकऱ्यांनी सह्याद्री ही स्वतःची कंपनी उभी केली. पॅकहाऊस आपलं असलं की लॉगरची फाईलही आपल्या ऑफिसात येते.

मामा : ऑफिस आपलं असलं तरी फाईल मागावी लागते, बाई. संस्था काढून आम्ही घरी जाऊन झोपलो की तिथंही तेच होतं. मागण्याची सवय पाहिजे.

भाची : मग मागा. कधी मागणार? मार्चमध्ये?

मामा : मार्चमध्ये मागून काही होत नाही. साखर उतरली की माल थांबत नाही, अवकाळी डोक्यावर असतो, तेव्हा कंपनी म्हणेल तो कागद आम्ही सही करतो. मागायचं ऑक्टोबरात. गोडी छाटणी झाली की प्लॉटच्या नोंदण्या सुरू होतात, तेव्हा कंपन्यांची माणसं गावात फिरतात, त्यांना एकरं भरायची असतात. तेवढे दोन महिने गरज त्यांना असते. गावातल्या निर्यातीच्या बागा एका बैठकीला बसल्या आणि हा कागद सगळ्यांनी एकदम पुढं केला, तर एखादी कंपनी तरी थांबून वाचेल.

भाचीनं मजकूर मामांच्या फोनवर पाठवला. मामांनी तो गावातल्या बागायतदारांच्या ग्रुपवर टाकण्याआधी एकदा मोठ्यानं वाचून घेतला, आणि 'लॉगर' या शब्दापुढे कंसात 'तापमानाचं यंत्र' असं लिहायला लावलं, कारण ते यंत्र असतं हे त्या ग्रुपमधल्या निम्म्या लोकांना माहीत नव्हतं.